ओळख परेड: मावशीने "हाच तो" म्हटलं तर ते कितपत धरायचं?

मुक्ता_नाशिक

मंडळी, सल्ला हवाय. चर्चाही चालेल.

उन्हाळ्यात माझ्या मावशीचं मंगळसूत्र गेलं. गंगापूर रोडला, दिवेलागणीला, भाजी घेऊन परत येताना. मागून मोटारसायकल आली, मागे बसलेल्याने हिसका मारला, मावशी पडली, टोमॅटो रस्ताभर. सगळं मिळून तीन-चार सेकंदांचा मामला. गाडी चालवणाऱ्याला हेल्मेट होतं. मागच्याच्या तोंडाला रुमाल होता, तो झटापटीत नाकाखाली सरकला म्हणते.

त्या रात्री फिर्याद द्यायला मी सोबत होते. तिने सांगितलं: पंचवीस-तिशीचा, सावळा, बारीक दाढी. दुसऱ्या दिवशी समोरच्या बंगल्याच्या सीसीटीव्हीची क्लिप सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि मावशीने ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवली. आता ती म्हणते दाढी नव्हती, गालावर डाग होता. क्लिपमध्ये गालावर काहीतरी काळपट दिसतं खरं. तो डाग आहे की सावली, मला तरी कळत नाही.

आता पोलिसांचा फोन आलाय. दोघे धरलेत, ओळख परेडसाठी, म्हणजे रांगेत उभ्या केलेल्या माणसांतून चोर ओळखायला, नाशिकरोडच्या कारागृहात यावं लागेल. मावशी ठाम आहे, "ते डोळे मी मरेपर्यंत विसरणार नाही." मावसभाऊ म्हणतो, पोलिसांनी पकडलाय म्हणजे तोच असणार, तू फक्त बोट दाखव. माझ्या पोटात मात्र गोळा आलाय. मावशी खोटं बोलणारी नाही, पण तिला आठवतंय ते त्या संध्याकाळचं की क्लिपमधलं?

परेडमध्ये नक्की काय होतं, कुणाला अनुभव?

---

द्राक्षबाग

मावशी बऱ्या आहेत ना? माझ्या सासूबाईंची पोत अशीच ओढली होती तेव्हा मानेला कापल्यासारखा वळ होता, महिनाभर मान वळत नव्हती.

बाकी वाचतेय.

---

कॉलेजरोडचा_बंड्या

एवढा विचार कशाला? हे लोक रेकॉर्डवरचे असतात. एकाला धरलं की दहा गुन्हे उघड होतात, पेपरात रोज वाचतो. मावशींनी बिनधास्त ओळखावं. हा नाही तर त्याचा भाऊ, काय फरक पडतो?

---

माजी_नायब

बंडोपंत, ज्याला आत बसावं लागतं त्याला फरक पडतो.

मुक्ताताई, मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. नायब तहसीलदार असताना कार्यकारी दंडाधिकारी म्हणून बऱ्याच परेड घेतल्या, म्हणून सविस्तर लिहितो. परेड पोलीस घेत नाहीत, आणि घेऊही नयेत. पोलिसांनी साक्षीदार आणून सोडायचा आणि नजरेआड व्हायचं. दोन पंच असतात, तेही आपण बघून घेतलेले असावेत. ठाण्याच्या दारातला चहावाला नको. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत लिहिलंय की एक संशयित असेल तर रांगेत किमान सहा माणसं, दोन असतील तर दहा-बारा, आणि एका परेडमध्ये शक्यतो दोनपेक्षा जास्त संशयित नकोत. वय, अंगकाठी, रंग जुळता हवा. आरोपीला विचारायचं, कुठे उभा राहतोस? कपडे बदलायचेत का? दुसरा साक्षीदार आत यायच्या आधी पुन्हा विचारायचं. झालेला साक्षीदार थांबलेल्याला भेटता कामा नये.

हे झालं पुस्तकातलं. आता प्रत्यक्षातलं. कारागृहात डमी म्हणून, म्हणजे आरोपीबरोबर रांगेत उभे करायला, बहुधा दुसरे कच्चे कैदीच मिळतात. माणसं मिळतात हो, जुळणारी मिळत नाहीत. एका परेडला (ठिकाण सांगत नाही) मी रांगेसमोरून चालत गेलो आणि आधी सगळ्यांचे पाय बघितले. आरोपी कालपरवाच आत आलेला, त्याच्या पायात बाहेरची चांगली चप्पल. बाकी सगळ्यांच्या झिजलेल्या स्लिपर. शिवाय त्याची दाढी त्याच सकाळी काढलेली, जबड्याचा भाग बाकीच्या चेहऱ्यापेक्षा उजळ. साक्षीदाराने त्या माणसाला आयुष्यात पाहिलेलं नसतं तरी त्यालाच निवडलं असतं. मी सगळ्यांना चपला काढायला लावल्या आणि दोन डमी बदलून घेतले. पोलीस उपनिरीक्षक बाहेर ताटकळत, साहेब किती वेळ, म्हणून निरोपावर निरोप. दीड तास गेला, जाऊ दे.

दुसरं, साक्षीदार आत आला की मी पहिल्यांदा विचारायचो: या माणसांपैकी कुणाला गुन्ह्यानंतर कुठे पाहिलंत का? ठाण्यात, फोटोत, मोबाइलवर? एकदा एक शेतकरी सरळ म्हणाला, "हो साहेब, तिथं बाकड्यावर बसला होता, मलाबी तिथंच च्या पाजला." ते मी जसंच्या तसं लिहून घेतलं. पुढे त्या परेडचं कोर्टात काय झालं असेल ते वकीलमंडळी सांगतील.

मावशींना एवढंच सांगा: रांगेत तो माणूस नसूही शकतो. "यात नाही" हेही उत्तर आहे, "खात्री नाही" हेही उत्तर आहे, आणि दोन्ही लिहून घ्यावी लागतात.

---

अॅडव्होकेट_पंचवटी

नायबसाहेब, त्या परेडचं काय झालं असेल ते सांगतो: बचावाच्या वकिलाने उलटतपासणीत तो चहा पुन्हा उकळला असेल.

थोडं कायद्याचं. ओळख परेड हा मुख्य पुरावा नाहीच. पूर्वीच्या पुरावा कायद्यात कलम ९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ७ आहे. परेडने तपास योग्य दिशेने चाललाय की नाही ते कळतं आणि पुढच्या साक्षीला दुजोरा मिळतो. खरा पुरावा म्हणजे साक्षीदाराने कोर्टात, शपथेवर, आरोपीकडे बोट दाखवून सांगणं. मलखानसिंग विरुद्ध मध्य प्रदेश (२००३) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलंय.

आता यातली गंमत बघा. परेडमध्ये निदान सहा-सात चेहरे असतात. कोर्टात? आरोपीच्या पिंजऱ्यात एक किंवा दोन माणसं, शेजारी पोलीस. घटनेला तोवर वर्षं उलटलेली. त्या वेळी "हाच तो" म्हणायला कुठली स्मरणशक्ती लागते? म्हणूनच दाना यादव विरुद्ध बिहार (२००२) मध्ये म्हटलंय की अनोळखी आरोपीला आधी परेड न घेता थेट कोर्टात पहिल्यांदा ओळखलं, तर एरवी तेवढ्यावर शिक्षा देऊ नये.

आणि क्लिपबद्दल. साक्षीदाराला आरोपी किंवा त्याचा फोटो आधी दाखवला गेला असेल तर परेडला अर्थ उरत नाही, असं गिरीशन नायर विरुद्ध केरळ (२०२२) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडताना म्हटलंय. तुमची केस जरा वेगळी. क्लिप पोलिसांनी दाखवलेली नाही आणि ती पकडलेल्या माणसाची नसून घटनेचीच आहे. तरीही बचावपक्ष विचारणारच. मावशींनी लपवू नये. "क्लिप पाहिली का?" "हो, पाहिली." विषय संपला. लपवलेलं नंतर बाहेर आलं तर सगळीच साक्ष डळमळते.

---

मिसळ_विथ_तर्री

वकीलसाहेब, आरोपी परेडला उभाच राहणार नाही म्हणाला तर?

---

अॅडव्होकेट_पंचवटी

म्हणतात बरेच जण. "मला आधीच दाखवलंय" हे नेहमीचं कारण, आणि ते कधीकधी खरंही असतं. पण स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होते म्हणून नकार, हा मुद्दा मुकेश सिंग विरुद्ध दिल्ली (२०२३) नंतर चालत नाही. चेहरा दाखवणं म्हणजे साक्ष देणं नव्हे.

---

स्मृतिगंध

मी मानसशास्त्र शिकवते. मुक्ता, तुझ्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य आमच्या विषयातल्या गेल्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा गाभा आहे.

आठवण ही बाटलीतल्या लोणच्यासारखी असते असं आपण धरून चालतो, कधीही झाकण उघडा, घातलं तसंच निघेल. तसं नसतं. दर वेळी आठवताना ती नव्याने जुळवली जाते आणि मधल्या काळात कानावर-डोळ्यांवर पडलेलं त्यात बेमालूम मिसळतं. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटारींच्या टकरीची फीत दाखवली आणि वेग विचारला. काहींना विचारताना "धडकल्या" म्हटलं, काहींना त्याहून जोरकस, गाड्यांचा चुराडा झाल्यासारखा शब्द वापरला. शब्दागणिक वेगाचे आकडे बदलले. आठवड्याने विचारलं, फुटलेल्या काचा पाहिल्या का? जोरकस शब्द ऐकलेल्यांपैकी जास्त जणांनी "हो" म्हटलं. काचा नव्हत्याच.

मावशींच्या दाढीचं आणि डागाचं हेच झालं असावं. त्यांच्या मनात आता दोन चेहरे एकावर एक बसलेत.

"ठाम आहे" म्हणतेस त्याबद्दल. १९९८ चा गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांचा प्रयोग बघ. लोकांना दुकानातल्या सीसीटीव्हीची धूसर फीत दाखवली, मग काही फोटो दाखवून म्हणाले, बंदूकवाला ओळखा. खरा माणूस त्या फोटोंत नव्हताच. तरी प्रत्येकाने कुणीतरी निवडला. त्यानंतर काहींना नुसतं म्हटलं, "छान, संशयिताला बरोबर ओळखलंत." एवढ्या एका वाक्याने त्यांची खात्री वाढली. इतकंच नाही, चेहरा आपण नीट पाहिला होता, लक्ष देऊन पाहिला होता, असंही ते सांगू लागले! म्हणजे कोर्टाने ज्या गोष्टींवरून साक्षीदाराची विश्वासार्हता जोखायची, त्या गोष्टीच त्या शाबासकीने फुगवल्या.

एक बाजू मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवी. "खात्रीचा काही उपयोग नाही" असं सरसकट म्हणणंही चूक. जॉन विक्स्टेड आणि वेल्स यांनी २०१७ मध्ये दाखवलंय की परेड नीट घेतली असेल, तर अगदी पहिल्या ओळखीच्या क्षणी व्यक्त झालेली खात्री बऱ्यापैकी भरवशाची असते. नंतरची, कोर्टातली, चार जणांनी पाठ थोपटल्यानंतरची नव्हे.

नायबकाका, तुम्हाला एक प्रश्न. आरोपी कोण हे परेड घेताना तुम्हाला माहीत असायचं ना?

---

माजी_नायब

अर्थात. नाव, वय, रांगेतली जागा सगळं मलाच लिहायचं असतं. का?

---

स्मृतिगंध

कारण माहीत असलेला माणूस न बोलताही सांगतो. साक्षीदार भलत्यासमोर थांबला की "नीट बघा, घाई नाही", आणि बरोबर माणसासमोर थांबला की लगेच पेन उघडायचं. मुद्दाम नाही, नकळत. म्हणून बाहेर आता संशयित कोण हे माहीत नसलेल्यानेच ओळख घ्यावी असा आग्रह आहे. इंग्लंडमध्ये तर बहुतेक ओळख प्रत्यक्ष रांगेऐवजी व्हिडिओवर होते, संशयिताबरोबर किमान आठ इतर चेहरे दाखवतात.

---

माजी_नायब

पेनाचं मात्र पटलं. मी टोपण उघडंच ठेवायचो, पण ते शाई वाळते का बघायला, एवढा विचार करून नाही.

---

कॉलेजरोडचा_बंड्या

हे सगळं गोऱ्या लोकांचे प्रयोग. कॉलेजच्या पोरांना फीत दाखवायची आणि निष्कर्ष काढायचे. ज्याच्या गळ्यावर हात पडला तो चेहरा विसरतो होय? मार खाल्लेला माणूस आणि फीत बघणारा माणूस यात फरक आहे की नाही?

---

स्मृतिगंध

फरक आहे. मार खाल्लेल्याला जास्त भीती वाटते, आणि भीतीने बारकावे उलट कमी टिपले जातात. हत्यार दिसलं तर नजर हत्यारावर खिळते.

प्रयोग नको असतील तर खरी प्रकरणं घे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात १९८४ मध्ये एका विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. जिवंत राहिले तर याला ओळखता यावं म्हणून तिने मुद्दाम त्याचा चेहरा निरखला होता. तिने रोनाल्ड कॉटन याला फोटोंतून निवडलं, मग रांगेतून, मग कोर्टात. पुढे खरा गुन्हेगार कोर्टात तिच्यासमोर आणला तेव्हा ती म्हणाली, याला मी कधी पाहिलं नाही. १९९५ मध्ये डीएनए तपासणीने कॉटन सुटला, दहा वर्षांहून जास्त तुरुंगात काढून. डीएनएमुळे निर्दोष ठरलेल्यांची तिथे इनोसन्स प्रोजेक्टने नोंद ठेवलीय, साडेतीनशेहून जास्त. त्यात दहापैकी सात प्रकरणांत प्रत्यक्षदर्शीची चुकीची ओळख हा एक घटक होता.

आणि डोनाल्ड थॉमसन, ऑस्ट्रेलियातले आमच्याच विषयाचे. सत्तरच्या दशकात एका पीडितेने त्यांना गुन्हेगार म्हणून ओळखलं. पण गुन्ह्याच्या वेळी ते टीव्हीवर थेट कार्यक्रमात होते, विषय साक्षीदारांची स्मरणशक्ती! बाईच्या घरात तो कार्यक्रम चालू होता. चेहरा पडद्यावरचा, घटना घरातली, दोन्ही एकमेकांना चिकटले.

---

गोदाघाट

इतक्या लांब कशाला जाता? आपल्या नाशिकचंच प्रकरण आहे आणि इथे कुणी नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

जून २००३. नाशिकजवळ मळ्यात राहणाऱ्या कुटुंबावर रात्री दरोडा. पाच जणांचा खून, बायकांवर अत्याचार. माय-लेक वाचले, तेच प्रत्यक्षदर्शी. भटक्या जमातीतले सहा जण आरोपी. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच! पुढे पुनर्विचार अर्ज नव्याने ऐकला गेला आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. तोवर सोळा वर्षं गेली. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

न्यायालयाने काय म्हटलं ते वाचण्यासारखं आहे. जखमी आईला घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या अल्बममधले फोटो दाखवले होते. तिने चौघांना ओळखलं होतं. ते चौघे या सहांतले नव्हते. त्या चौघांचा पुढे तपासच झाला नाही, आणि हे कागद बचावापुढे वेळेवर आले नाहीत. सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत आणि जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी, असा आदेश झाला.

आता सांगा बंड्याभाऊ, "हा नाही तर त्याचा भाऊ" कुठे बसतं यात? ज्यांनी ते खून केले ते सुटले ना! आणि सहा जणांची घरं बसली. त्या आईला मी दोष देणार नाही, तिने जे भोगलं ते शत्रूवरही येऊ नये. तिने सुरुवातीला सांगितलेलं कुणी ऐकून घेतलं नाही, माझा राग त्यावर आहे.

---

कॉलेजरोडचा_बंड्या

हे प्रकरण माहीत नव्हतं. पण हा तपासातला घोळ झाला, साक्षीदाराचा नव्हे.

---

गोदाघाट

तेच म्हणतोय मी. दोन्ही वेगळं काढता येत नाही.

---

सातपूर_एमआयडीसी

पण आता सगळीकडे कॅमेरे आहेत. मग मावशींनी ओळखायची गरजच काय? क्लिपमधला चेहरा आणि पकडलेला माणूस जुळवा, झालं.

---

स्मृतिगंध

लोकांना वाटतं तेवढं ते सोपं नाही. विकी ब्रूस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये चांगल्या दर्जाच्या व्हिडिओतला अनोळखी चेहरा दहा फोटोंशी जुळवायला दिला. आठवायचं काहीच नाही, दोन्ही समोर. तरी बरोबर उत्तरं साधारण सत्तर टक्केच. आपल्या माणसाला आपण पाठमोरंही ओळखतो, म्हणून सगळेच चेहरे आपल्याला ओळखता येतात असा गैरसमज होतो. अनोळखी चेहऱ्यात आपण फार कच्चे असतो. आणि बंगल्याच्या कॅमेऱ्यात, दिवेलागणीला, रुमालातून? सोडून दे.

---

मुक्ता_नाशिक

परेड झाली. मी गेटबाहेर होते, त्यामुळे मावशीकडून ऐकलेलं सांगते.

जायच्या आधी तिला नायबकाकांचा प्रतिसाद वाचून दाखवला होता. आत विचारलं गेलं, आधी कुठे पाहिलंय का. तिने क्लिपचं सांगितलं, ते लिहून घेतलं. रांगेसमोरून दोनदा चालली. मग म्हणाली, "डावीकडून चौथा तसा वाटतो, पण डोळे तसे नाहीत. खात्रीने नाही सांगू शकत." तेही तसंच लिहिलं म्हणे.

मावसभावाचं तोंड फुगलंय. म्हणतो, आता तो सुटणार, मंगळसूत्रही गेलं. द्वारकेपर्यंत गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. मावशी मात्र घरी येऊन चहा टाकून बसली. रात्री मला म्हणाली, "चौथ्याच्या जागी मला आपला पिंट्या उभा दिसला." पिंट्या म्हणजे मावसभाऊच.

सध्या प्रश्न असा, की आता केस संपली का?

---

अॅडव्होकेट_पंचवटी

अजिबात नाही. हिसकावून चोरी, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३०४, फक्त चेहऱ्यावर सिद्ध होत नाही. मोटारसायकल कुणाची, मोबाइल त्या वेळी कुठल्या टॉवरवर होता, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मुद्देमाल, चोरीला गेलेली वस्तू. आरोपीने दाखवून दिलं आणि पंचांसमोर सराफाकडून सोनं जप्त झालं, तर तो पुरावा मावशींच्या बोटापेक्षा वजनदार. अडचण एवढीच की बऱ्याचदा तोवर दागिना वितळवून त्याची लगड झालेली असते. लगडीला ओळख नसते.

मंगळसूत्र अखंड मिळालं तर वस्तूचीही ओळख घेतात, तसेच चार दागिने शेजारी ठेवून. मावशींच्या वाट्यांना काही खूण आहे का?

---

मुक्ता_नाशिक

आहे! एक वाटी चेपलेली आहे, लग्नानंतर पाट्याखाली सापडली होती. आणि मधला एक मणी तुटल्यावर काळ्याऐवजी गडद निळा बसवलेला. तो प्रत्येक लग्नात सगळ्यांना दाखवायची.

---

अॅडव्होकेट_पंचवटी

झकास. हे सोनं दाखवायच्या आधी, आत्ताच तपास अधिकाऱ्यांना पुरवणी जबाबात लिहून द्या. दाखवल्यानंतर सांगितलेल्या खुणेला किंमत राहत नाही. जुनी पावती, निदान गळ्यातलं स्पष्ट दिसेल असा फोटो जोडा. माल मिळाला तर कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, ताब्यात घेता येतो, निकालापर्यंत थांबावं लागत नाही.

---

द्राक्षबाग

फोटो शोधताना मोठा करून बघ गं, निळा मणी पदराखाली जातो नेहमी.